पोटातली फरदड

खोटं बोलाचं असन त माणसापुढं बोलजो बापा, कंप्युटरापुढं बोलू नोको. माणूस विसरते. तो मेला काईच विसरत नाई.

उन्हाळाभर माह्या पोटात उजव्या बाजूनं कळ येऊन राह्यली होती. पहिले वाटलं गॅस हाय, ओवा खाल्ला. मंग वाटलं नजर लागली, मीठ-मिरच्या ओवाळल्या. शेवटी आमचे हे, म्हणजे चंद्रभान, म्हणाले का गणपतीले नवस बोलतं का दवाखान्यात जातं ते एक ठरव, तिकडं वांग्याची तोड खोळंबली हाय. मी दोन्ही केलं. आमच्या केळझरच्या गणपतीले नारळ कबूल केला अन् बसनं वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात गेली.

तिथं अपेक्षा मॅडम म्हणून एक डॉक्टरीण होती. तिनं सोनोग्राफीचा कागद पाह्यला, कंप्युटर पाह्यला, मंग माह्याकडं पाह्यलं. मंग पुन्हा कंप्युटर पाह्यला.

"काकू," ती म्हणाली, "या कागदावर तुमच्या पित्ताच्या पिशवीत खडे दिसतात. आणि या कंप्युटरमध्ये तुमची पित्ताची पिशवी चार वर्षांपूर्वीच काढून टाकलेली आहे."

मले समजलं का मामला काय हाय, पण एकदम कबूल कोण करते? वेचणी झालेल्या कपाशीच्या पऱ्हाटीले पाणी देलं का तिले दुसऱ्यांदा बोंडं धरतेत, त्याले आमी फरदड म्हणतो. मी म्हटलं, मॅडम, तसंच काईतरी झालं असन पोटात. मले काय ठाऊक का मॅडम सिंदी रेल्वे गावची, कास्तकाराची पोर हाय म्हणून.

"काकू, फरदड मलेबी समजते," ती म्हणाली. "ते पोटात येत नाई."

मंग सांगा लागलं. चार वर्षाआधी माही थोरली जाऊ आनंदाबाई, मी तिले बाईच म्हणतो, पोट धरून लोळून राह्यली होती. तिचं दवाखान्याचं कार्ड बकरीनं खाल्लतं. मी माहं कार्ड काढून तिच्या हातात देलं. आमच्या गल्लीत शिडी एकाची, खलबत्ता एकाचा, वापरतेत सगळेच. कार्डानंच काय घोडं मारलं होतं? तवा खिडकीवर कार्ड दाखवलं का काम होऊन जाये. कार्डावरच्या माह्या नावानं झाली ती कुंताबाई. खाटेजवळ बसणाऱ्या बाईचंबी नाव लिहून घेतेत, म्हणून मी झाली आनंदाबाई. पाच दिवस हेच चाललं. नर्सनं 'कुंताबाई' म्हणून हाक मारली का ओ मी देयाची अन् सुई तिले टोचाची. पिशवी काढली, खडे बाटलीत भरून देले. बाई घरी आल्यावर तिनं ते बाटली टीव्हीजवळ ठेवली. अजूनबी पाव्हणा आला का चहाच्या आधी खडे दाखवते.

मॅडमनं कपाळाले हात लावला. पण ती हसली नाई. ती म्हणाली का पिशवी नाही असं लिहिलेल्या बाईले कंप्युटर आपरेशनची तारीखच देत नाही. वरून रक्ताचा गटबी त्यात जावेचाच हाय. रक्त आमी पुन्हा तपासतो, पण घाईच्या टायमाले कोणी कंप्युटरावर भरोसा ठेवला त तुमी जीवानिशी जाल. मंगळवारी एक जागा होती. ते हुकली त दिवाळीनंतर, अन् तवरोक खडा नळीत अडकला त काई खरं नाई.

नोंदणीच्या खिडकीवर मयुरी नावाची पोरगी बसते. तिनं सांगतलं का एका पानावरच्या दोन बाया वेगळ्या करता येतेत. पण जिचं आपरेशन झालं तिनं सोता आधार कार्ड घेऊन याचं, आपल्या तोंडानं सांगाचं अन् सही कराची. सोमवारच्या आत.

झालं! आनंदाबाई अन् मी तीन वर्षांपासून बोलत नाई. माह्या पोरीच्या, रंजिताच्या साखरपुड्यात मी दीडशे माणसाची सांबारवडी केली होती. आमच्याकडं कोथिंबिरीले सांबार म्हणतेत, अन् वडी बिघडली का बाईची इज्जत जाते. तिनं चारचौघात, पाव्हण्याइच्या समोर म्हटलं, वडी आतून कच्ची हाय. त्या दिवसापासून दोन्ही घराच्या मधात एक भित अन् एक अबोला. कोंबडी इकडची तिकडं गेली तरी मी आमच्या यायले पाठवतो.

यायले म्हटलं, तुमी जाऊन सांगा वहिनीले. यायनं हात जोडले, म्हणाले, मी एखाद्या वेळेस वाघाच्या तोंडात हात घालीन. मंग मीच गेली. बाई अंगणात मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. तिनं वर पाह्यलंच नाई. मी उभ्या उभ्या सगळं सांगतलं, मंगळवार सांगतला, रक्ताचं सांगतलं. तिचे हात थांबले.

"पोलीस धरतीन का मले?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, मालूम नाई बाई. खरंच मालूम नोतं, अन् तिले खोटं सांगावं असं मले वाटलं नाई.

तिनं एक जुडी बांधली, दुसरी बांधली. मंग म्हणाली, "येईन. पण पहिले एक सांग. वडी कच्ची होती का नाई?"

काय सांगू, पोटातल्या खड्यापेक्षा तो घास गिळाले जड गेला. तीन वर्षं मी साऱ्या गावाले सांगत होती का वडी फर्स्टक्लास होती. सिलेंडर मधातच संपलं होतं, हे फक्त माह्या जिवाले ठाऊक.

"होती," मी म्हटलं. "थोडी."

सोमवारी सकाळच्या बसनं आमी निघालो. बाईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, धरून नेलंच त बरं दिसावं म्हणून. रस्ताभर ती पदराखाली काईतरी धरून बसली होती. खिडकीवर पोचल्यावर तिनं ते काढून मयुरीपुढं ठेवलं. खड्याची बाटली! वरच्या चिठ्ठीवर अजून माहंच नाव.

"हे नाव हिचं हाय," बाई म्हणाली, "पण खडे माहे हायेत. काय सजा असन ते मले देजा, हिची तारीख जाऊ देऊ नोका."

मयुरीनं बाटलीले हात लावला नाई. सजा काई नाही काकू, फक्त पुन्हा असं करू नका, असं म्हणून तिनं सही घेतली अन् आमाले वेगळं कराले बसली. आपरेशन बाईच्या पानावर गेलं. रक्ताचा गट तिकडं गेला. माही पिशवी माह्या पोटात परत आली. मॅडमनंबी येऊन पाह्यलं अन् मंगळवारची जागा माह्या नावावर चढली. मी मनातल्या मनात गणपतीले दुसरा नारळ कबूल केला.

शेवटी एक ओळ उरली. मयुरीनं वाचली, 'कुंताबाईजवळ पाच दिवस मुक्काम, आनंदाबाई, जाऊ.' हे तर सरळ सरळ खोटं आहे, म्हणाली, खोडून टाकते.

बाईनं खिडकीतून हात आत घातला अन् तिचं मनगट धरलं.

"ते नोको खोडू, पोरी. उद्यापासून खरं होणार हाय. तारीख तेवढी बदलव." मंग माह्याकडं न पाहता म्हणाली, "अन् डबाबी मीच आणीन. निदान वडी शिजलेली असन."

मले असं भरून आलं का काय सांगू. पण मी डोळ्यातून टिपूस काढलं नाई. काढलं असतं त तिनं तेबी बाटलीत भरून टीव्हीजवळ ठेवलं असतं.