उलट्या बाजूने पाहिलेला सिनेमा

माझ्याकडे तोंड करून माणसे तास-तासभर बसतात, पण मला पाहायला कुणीच येत नाही. मी पडदा आहे. तलासरीजवळच्या झरी गावात, सुदामच्या अंगणात मी बांधलेला असतो. आज दिवेलागणीला अजून थोडा वेळ आहे, तेवढ्यात माझी गोष्ट सांगून घेतो. उद्या सांगेन म्हणावे, तर इथल्या जमिनीचा भरवसा राहिलेला नाही.

मी मूळचा मांजरपाट. डहाणूच्या बाजारात एका फळीवर गुंडाळून पडलो होतो. वर्षाने, म्हणजे सुदामच्या बायकोने, मला तिथून आणले. तिचे माहेर आगरचे, समुद्राकाठचे. लग्न होऊन डोंगराकडच्या गावात आली ती दोन गोष्टी बरोबर घेऊन: एक उपासतापास आणि दुसरे सिनेमाचे वेड. दोन्ही ती एकाच श्रद्धेने करते.

गावातल्या दक्षाने दोन पन्हे जोडून मला शिवले. ती शिवण माझ्या बरोबर मधून जाते. पहिल्याच दिवशी माझ्यावर नायिकेचे तोंड मोठे होऊन आले, तेव्हा शेजारचा पांड्या ओरडला, "वहिनी, हिरोईनच्या नाकाला टाके पडलेत! दवाखान्यात न्या तिला." अंगण हसून लोळले. मला आधी वाईट वाटले, मग बरे वाटले. निदान एकाने तरी मला पाहिले होते.

माझा जन्म संकष्टीसाठी झाला. चंद्र दिसल्याशिवाय बायकांना उपास सोडता येत नाही, आणि संकष्टीचा चंद्र काही लवकर येत नाही. स्वयंपाक झाकून ठेवलेला, पोटात कावळे ओरडताहेत आणि वेळ सरकत नाही. म्हणून वर्षाने ठरवले, तेवढा वेळ सिनेमा लावायचा. सुदाम वापीला कंपनीत जातो, त्याने तिथून एक छोटा जुना प्रोजेक्टर आणला. नाक्यावर मोबाइलचे दुकान असलेला प्रविण पेनड्राइव्हमध्ये सिनेमे भरून देऊ लागला.

वर्षाच्या अटी ऐकून त्याने कपाळाला हात लावला होता.

"वहिनी, जेवणाचा सीन नको?"

"नको. उपाशी बायका असतात भाऊ."

"आणि गाजलेला पण नको?"

"गाजलेला सगळ्यांनी बघितलेला असतो. मग आमची शेजारीण आहे ना, लाडकी, ती पुढचं आधीच सांगून टाकते."

"मग उरलं काय? जे कुणी बघत नाही तेच ना?"

"तेच द्या."

अशा रीतीने माझ्या अंगावर तेच सिनेमे आले, ज्यांना दुसरीकडे कुणी जागा दिली नव्हती. त्यांची नावे मला सांगता येणार नाहीत. मी सिनेमा पाहतच नाही. मी ऐकतो, आणि पाहणाऱ्यांची तोंडे पाहतो. पण तोंडांवरून जेवढे कळते तेवढे पुष्कळ असते.

एक फार जुना, काळापांढरा. मिठागरावर राबणारे एक जोडपे. भांडण झालेले, म्हणून नवरा बोलत नाही, आणि बायको एकटीच दोघांच्या वाटचे बोलत राहते. सुरुवातीला आवाज खरखरतो आणि तिथेच लोक उठतात. तुम्ही उठू नका. नवशी नावाची शेजारीण म्हणाली, "आमच्याकडे हेच चाललंय, ह्यात बघायचं काय?" आणि शेवटी तीच पदराने डोळे पुसत होती.

एक रंगीत, पण रंग उडालेला. बँडवाले चुकून भलत्याच लग्नात जाऊन वाजवतात, अशी गोष्ट. प्रविणने छातीवर हात ठेवून सांगितले होते की जेवण नाही. मध्यंतरानंतर पंगतच बसली. परातीतली जिलबी माझ्या अंगावर एवढी मोठी झाली की लाडकी ओरडली, "बंद कर गो ते, नायतर माझा उपास इथंच मोडतो!" तो सिनेमा जेवून पाहा, पण नक्की पाहा.

आणि एक अगदी अलीकडचा, कॉलेजच्या पोरांनी केलेला. हरवलेली बकरी शोधत एक मुलगी दिवसभर फिरते, एवढेच. गाणे नाही, मारामारी नाही. तो चालू असताना अंगणात कुणी खोकलेही नाही.

चंद्र उगवला की प्रोजेक्टर बंद, मग सिनेमा कुठेही असो. बायका ओवाळायला, नैवेद्य दाखवायला जात. राहिलेला शेवट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी.

आता बायजीबद्दल सांगायला हवे. बायजी म्हणजे सुदामची आई. मला आंबा आणि एक खांब यांच्यामध्ये बांधतात आणि माझ्या मागे घर येते. बायजी घराच्या ओट्यावर बसूनच सिनेमा पाहायची. म्हणजे तिला सगळे उलटे दिसायचे. जो पुढच्यांना उजवीकडून येतो, तो तिला डावीकडून येणार. "आई, पुढं या ना," वर्षा म्हणायची. "मला इकडून दिसतंय की," बायजी म्हणायची. तिने माझ्यावरचा एकही सिनेमा सुलट पाहिला नव्हता आणि तिचे काही अडलेही नव्हते.

मग एके दुपारी जमिनीतून आवाज आला. कुठे सुरुंग लावावा तसा, पण खालून. मांडणीवरची भांडी घरंगळत आली. कोंबड्या झाडावर चढल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा, मग पुन्हा. साहेब लोक आले, यंत्रे लावून गेले. माणसे घराबाहेर ताडपत्र्या बांधून झोपायला लागली. लाडकीचे घर कुडाचे, ते हलायचे आणि उभे राहायचे. सुदामचे घर विटांचे. त्याच्या भिंतीला कोपऱ्यातून तडा गेला, आणि प्रत्येक धक्क्याला तो आढ्याकडे थोडा थोडा चढत राहिला. मी मागून तो रोज पाहत होतो.

सुदाम आणि वर्षा बाहेर निजायला लागले. बायजी मात्र आतच राहिली. तिने देवीपुढे दिवा लावला होता. ‘धरणी शांत होईपर्यंत हा दिवा विझू देणार नाही आणि त्याला एकटा सोडणार नाही,’ असे ती बोलली होती. अखंड दिवा लावला की तो जागचा हलवत नाहीत आणि घर त्याच्यावर टाकून जात नाहीत, ही इथली रीत. दिवा तड्याच्या भिंतीपाशी होता. गावाला वाचवायला केलेल्या नवसाने म्हातारीला त्याच भिंतीखाली बसवून ठेवले होते.

सुदामचे रागावून झाले, हात जोडून झाले. पांड्या म्हणाला, "काकी, देवी पण बाहेर येईल हो, तिला काय जीव नाही का?" बायजी म्हणाली, "तुझी जीभ हलते तेवढी धरणी पण हलत नाही." आंघोळीला जाण्यापुरती ती वर्षाला दिव्यापाशी बसवायची आणि लगेच परत यायची.

वर्षा तिच्याशी कधी वाद घालत नव्हती. नवस म्हणजे काय ते तिला ठाऊक होते. पण रोज संध्याकाळी ती तड्याकडे बघायची आणि मग माझ्याकडे. तिच्या मनात काय चालले आहे ते मला पुढच्या संकष्टीला कळले.

त्या दिवशी तिने जो सिनेमा लावला, तो मी तुम्हाला सर्वांत आधी सांगायला हवा होता. नवाच आहे. प्रविण म्हणाला, शहरात आला आणि आठवड्यात उतरला. एका रेल्वे फाटकावर म्हातारा राखणदार आहे. त्या मार्गावरून गाड्या बंद झाल्या आहेत. तरी तो वेळ झाली की फाटक लावतो, कंदील दाखवतो, उघडतो. घरचे न्यायला येतात. तो म्हणतो, गाडी आली आणि मी नसलो तर?

त्या वेळी माझ्यामागे उंबऱ्याशी कुणीतरी आले. बायजी होती. एक डोळा आतल्या दिव्यावर, एक माझ्यावर.

म्हाताऱ्याचा मुलगा बैलगाडी घेऊन आला, सामान चढले, म्हातारा फाटकाच्या दांड्याला हात लावून उभा राहिला, आणि आंब्याच्या फांदीमागून चंद्र वर आला. सिनेमा बंद.

"अगो, तो जातो का राहतो?" बायजीने मागूनच विचारले.

"उद्या कळेल आई. पण उद्या पुढं बसून बघायचं."

"दिव्याला कोण?"

"मी बसते ना. तुमची आंघोळ होते तेवढाच वेळ."

बायजीने आत दिव्याकडे पाहिले. मग म्हणाली, "तेवढाच."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वर्षाने सुदामला बाजूला घेतले. "शेवट लगेच लावू नका. बरंच आधीपासून लावा. त्यांना जरा बाहेर बसू द्या. एकदा बसल्या की भीती जाईल, मग मी झोपायचं बघते." तिला वाटले, ती सासूला वेळ मिळवून देते आहे. त्याच वेळात आपण आत बसणार आहोत, हे तिच्या हिशेबात आलेच नाही. मी सगळे ऐकले. कापडाला ओरडता येत नाही.

बायजी पदर सावरत पुढे आली. लाडकीने तिला चटई दिली. प्रोजेक्टर लागला. बायजी बघत राहिली आणि एकदम म्हणाली, "हा उजव्या हातानं दांडा ओढतो की! मी म्हटलं डावखुरा आहे." सगळे हसले. पांड्या म्हणाला, "काकी, आता आधीचे पण सगळे परत बघा." तीही हसली. तिचे तोंड उजेडात इतके जवळून मी प्रथमच पाहिले. मागे, घरात, वर्षा दिव्यात तेल घालत होती.

मुलगा पुन्हा बैलगाडी घेऊन आला. सामान चढले. म्हाताऱ्याने दांड्याला हात लावला.

आणि खालून तो आवाज आला.

या वेळी तो थांबला नाही. माझ्या अंगावरचा म्हातारा, फाटक, बैल, सगळे एकदम वर उडाले, प्रोजेक्टर स्टुलावरून खाली गेला, अंधार झाला. लोक उठले, मुलांना ओढू लागले. मागे कौले सुटून पडत असल्याचा आवाज आला. घरात तेवढा एक दिवा दिसत होता, आणि दिव्यापुढे वर्षा, हात जोडून, जागची न हललेली. तिला सोपवलेला दिवा होता तो. ती सोडणार नव्हती.

बायजी उठली. मला दोन्ही हातांनी बाजूला सारून दाराकडे धावली. मी तिच्या मुठीत फाटलो, ते भोक अजून आहे.

"वर्षा! बाहेर ये! दिवा राहू दे!"

"आई, तुमचा बोल..."

"मेला तो बोल! दिवा विझू दे, तू ये पोरी! ये!"

वर्षाने एकदा देवीकडे पाहिले आणि धावली. ती ओट्यावरून खाली उतरली तेव्हा तड्याची भिंत आत कोसळली. उजेड गेला. बायजीने तिला पोटाशी धरले होते आणि दोघीही थरथरत होत्या, की जमीनच थरथरत होती, मला सांगता येणार नाही.

सकाळी विटांखालून समई निघाली, चेपलेली. बायजी तिच्याकडे बघून म्हणाली, "बोलले मीच आणि मोडलं पण मीच. आता देवी काय करील?" लाडकी, नवशी विटा बाजूला सारत होत्या. वर्षा हळूच म्हणाली, "आई, मला हाक कुणी मारली? तुम्ही की तिनं?" बायजीने समई पुसायला घेतली.

आता घर नाही. अंगणात बांबू उभे करून वर ताडपत्री टाकली आहे, आणि एका बाजूची भिंत मी आहे. माझ्या आडोशाला बायजीने नवा दिवा लावला आहे. नवस तोच, पण आता पाळ्या लावल्या आहेत: कधी लाडकी, कधी नवशी, पांड्यासुद्धा बसतो आणि झोप येऊ नये म्हणून बडबडतो. प्रोजेक्टर फुटला. माझ्यावर आता एकच चित्र दिसते, दिव्यापाशी बसलेल्या माणसाची सावली. रस्त्याने जाणारे थबकून बघतात.

फाटकवाला गेला की राहिला, ते झरीत कुणालाच ठाऊक नाही. तुम्ही घराच्या पक्क्या भिंतींत बसून हे वाचत असाल, तर असे सिनेमे शोधा. कुणी पाहत नाही म्हणून पाहा. आवाज खरखरला तरी उठू नका.

वर्षा रोज संध्याकाळी मला हात लावून नमस्कार करते, जणू मीही देवघराचाच आहे. तिला खात्री आहे की धरणी शांत होईल, बायजी दिवा निववेल, मला धुऊन नीळ घालतील आणि पुन्हा आंब्याला बांधतील. मीही तेच मागतो. जरा लवकर व्हावे एवढेच.

वारा आला की मी पोटातून फुगतो. आत्ता मी फुगलो नाही. फक्त माझ्या दोऱ्या थरथरल्या, खालच्या, जमिनीतल्या खुंट्यांना बांधलेल्या. वर आंब्याचे एक पानही हललेले नाही. आत पाळीवर वर्षा बसली आहे. बायजीने हाक मारली आहे, मी ऐकतो आहे, ती उठली का.