पडद्यामागची बाजू

आईच्या डाव्या खांद्यावरची सेफ्टी पिन तिरकी लागली होती, पदराची एक चुणी तिच्यातून निसटली होती — आणि संचिता त्या चुणीकडेच बघत राहिली, कारण विनीत आता काय सांगणार ते तिला कळून चुकलं होतं.

मालवणच्या पेठेतल्या जुन्या टॉकीज लोकांना पायी फिरून दाखवायची कल्पना विनीतची. माहिती जमवायला मदत संचिताची. पहिली टॉकीज आता सिमेंटचं गोदाम झालेली. इथे, जिथे तंबूतला सिनेमा लागे, तिथे नुसतं मैदान. आईला हौसेने तिनेच आणलं होतं.

"पडदा मधोमध," विनीत म्हणाला. "पुढे पुरुष, मागे बायका. बायकांना सगळं उलटं दिसायचं. एका मुलीला वाटलं, शहरात पदर उजव्या खांद्यावरच घेतात. मुंबईचं स्थळ बघायला आलं, तर ही तशीच नेसून पोहे घेऊन बाहेर..."

सगळे हसले. संचिताही हसली, सगळ्यांच्या आधी — मी विनीतला नाव कुठे सांगितलं होतं, गंमत म्हणून सांगितलं फक्त... कॉलेजच्या सेंड-ऑफला साडी नेसवताना, दातांत पिन धरून आईने हे स्वतःचं सांगितलेलं, आयुष्यात एकदाच. आणि तेव्हाही संचिताने काय केलं, तर पडद्यातून प्रकाश आरपार जातो म्हणून डावं-उजवं बदलतं, हे आईला समजावून दिलं होतं.

आईही हसत होती. मग तिने विचारलं, "मगे त्या चेडवाचा काय झाला? पसंत केल्यानी काय तिका?"

"ते नाही माहीत, काकी," विनीत म्हणाला आणि त्याने संचिताकडे पाहिलं.

"हिका म्हायत आसतला," आई म्हणाली. "सांग गो."

आवाजात राग नव्हता. संचिताने तोंड उघडलं... बाबाही नोकरीला मुंबईलाच होते. ते स्थळ म्हणजे बाबाच, की दुसरं कोणी, आणि त्या दिवशी आई आत गेल्यावर ओटीवर कोण काय बोललं — काहीच माहीत नव्हतं. आई पिन दातांतून काढून पुढे सांगायला लागली होती, ते आता स्पष्ट आठवलं. आणि स्वतःचं "आई, उशीर होतोय गं" हेही.

"नाही माहीत," ती म्हणाली.

"बरा," आई म्हणाली आणि घोळक्याबरोबर चालू लागली. ती निसटलेली चुणी वाऱ्यावर हलत होती. नीट करावी म्हणून संचिताचा हात पुढे झाला, आणि हा पदर आपण कुठल्या बाजूने बघतोय तेच क्षणभर कळेना, तसा तो तिथेच थांबला.