जप करणारा टायर

टायरच्या दुकानासमोर ही गर्दी! मधोमध गादीवर पांढऱ्याशुभ्र कफनीतले चक्रीबाबा. समोर माझ्या ताईची छोटी मोटारसायकल स्टँडवर उभी, आणि तिच्या मागच्या चाकावर कसाबसा कोंबलेला बाबांचा मंतरलेला टायर. टायर कसला, म्हशीचं पोट!

बाबांनी चाक फिरवलं. घर्रर्र... घर्रर्र...

"ऐका! टायर जप करतोय!"

लोकांनी पटापट हात जोडले. त्यांत आमचे दाजीही. ताई परिचारिका. तिची बदली डोंगरापलीकडच्या दवाखान्यात झालीय आणि सोमवारपासून तिला रोज हीच गाडी घेऊन जायचंय. परवाच झिजलेल्या टायरमुळे ती उतारावर घसरली. खरचटण्यावर निभावलं, पण दाजींच्या डोळ्याला डोळा नाही. घाबरलेल्या माणसाला काहीही विकता येतं हो!

"दाजी, टायर मापापेक्षा जाड आहे," मी म्हटलं. "चेनच्या कव्हरला घासतोय. जप कसला, बोंबलतोय बिचारा!"

"तू अक्कल पाजळू नकोस," दाजी कुजबुजले. "बाबांचा टायर घसरत नाही की पंक्चर होत नाही."

बाबांच्या कानावर गेलंच. त्यांनी हातोडी मागवली. "शंकासुरा, बघ!" म्हणत टायरच्या मधोमध खिळा ठोकला, काहीतरी पुटपुटले आणि खिळा उपटला. हवा जागच्या जागी! टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही टाळी वाजवली, खोटं कशाला सांगू?

तेवढ्यात ड्यूटी संपवून ताई आली. काय चाललंय ते तिनं मला विचारून घेतलं, वाकून खिळ्याच्या भोकावरून बोट फिरवलं आणि ते बाबांसमोर धरलं.

"बाबा, हे हिरवं, चिकट काय?"

"टायरचा घाम, बाळ. जपानं येतो."

"अस्सं! मग हाच खिळा आता टायरच्या बाजूला ठोका बघू. इथं."

बाबा चपापले. "तिथं शक्ती झोपलेली असते. तिला टोचू नये."

"झोपलेल्यांना टोचण्यातच माझा जन्म गेला," ताई म्हणाली. तिनं हातोडी घेतली, खिळा ठोकला आणि उपटला.

फुस्स! हिरवी पिचकारी उडाली ती थेट कफनीवर. टायर लुळा पडला आणि गर्दी खो खो हसत सुटली.

"जखमेत रक्त गोठतं ना, तसंच हे," ताई सांगू लागली. "टायरमध्ये हा चिकट द्रव भरतात. मधल्या जाड रबरात भोक पडलं की तो तिथं जाऊन बसतो. बाजू पातळ, चालताना सारखी दुमडते, तिथं याचा काही उपयोग नाही. कुठल्याही दुकानात मिळतो हा. त्याला बाबा लागत नाही."

"पण बाबांनी सांगितलेला हा गुप्त मंत्र?" दाजींनी टायरवरच्या चार आकड्यांवर बोट ठेवलं.

"अहो, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर कधी बनला ते. हा तर आपल्या लग्नाआधीचा! वाळून तडे गेलेत बघा. ओल्या उतारावर हा धरणार काय?"

दाजींचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे मी... मी तुला यावर बसवून पाठवणार होतो."

ताईचा आवाज एकदम मऊ झाला. "भीती वाटली तर मला सांगायचं ना. मलाही वाटतेच की."

बाबा गादी गुंडाळून कधी सटकले, कळलंच नाही. मग दाजींनी स्वतः गाडीच्या पुस्तिकेतलं माप बघून नवा टायर निवडला, त्यावरचा बाण चाक फिरतं त्या दिशेला आहे ना ते पाहिलं आणि हवा मोजून भरून घेतली. दुकानदार वैतागला, पण दाजी हटले नाहीत.

सोमवारी संध्याकाळी ताई धुळीनं माखून, भुकेनं कावलेली, पण धडधाकट घरी आली. दाजी दारातच उभे होते. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

आपलं माणूस सुखरूप घरी यावं असं कुणाला वाटत नाही? मग बाबांनो, टायर घेताना हात जोडू नका. वाकून आकडे वाचा, आणि कुणी चमत्कार दाखवलाच तर एवढंच म्हणा, "जरा बाजूला ठोकून दाखवा."