मी मध्येच का विझायचे

मी बोलतेय. जरा कान देऊन ऐका, कारण माझ्या जातीला आवाजच कमी. मी विजेवर चालणारी गाडी आहे. सोसायटीच्या गेटातून आत शिरते तेव्हा कट्ट्यावर बसलेली माणसं दचकून पाय वर घेतात आणि म्हणतात, "अरे, ही आली कधी?" खरं सांगू, त्यांच्यापेक्षा जास्त मीच दचकलेली असते. मागून स्कूटर आली की माझ्यात टीं टीं सुरू होतं. कुत्रा आडवा गेला की टीं टीं, तुळशीची कुंडी जवळ आली तरी टीं टीं. मला बनवणाऱ्यांनी माझ्या अंगभर डोळे बसवले आहेत. एवढे डोळे असले की भीतीही चारी बाजूंनी दिसते.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. पांढरा उजेड, पोटाखाली बॅटरीची जड लादी बसवणारे यंत्राचे हात, आणि शेवटी माझ्या काचेवरून फडकं फिरवत "जा गं बाई सुखाने" म्हणणारी एक कामगार बाई, एवढंच. मग ट्रेलरवर चढून ठाण्याच्या शोरूममध्ये आले. तिथे लोक यायचे, माझं दार दोन-दोनदा आपटून बघायचे आणि न घेता जायचे. दार आपटल्याने माणसांना गाडीबद्दल काय कळतं, हे मला अजून समजलेलं नाही.

मला घेतलं गोपीनाथ शिगवणांनी, पाडव्याला. ते कोपरला राहतात, डोंबिवली पश्चिमेला. वीज कंपनीत एकतीस वर्षं लाइनमन होते, आता निवृत्त आहेत. घरात त्यांची बायको, मुलगा सूरज आणि धाकटी संचिता. मी आले ती संचितासाठी. तिला घोडबंदर रोडवरच्या एका शाळेत शिक्षिकेची नोकरी लागली होती, जूनपासून रुजू व्हायचं होतं.

संचिता फार लवकर घाबरते. कुकरची शिट्टी झाली तरी दचकते, असं सूरज सांगतो. "ही गाडी चालवणार? समोरच्याने हॉर्न दिला तर ही खाली उतरून सॉरी म्हणेल." सगळे हसले, तीही हसली. बाबा तेवढे हसले नाहीत. म्हणाले, "न जमायला काय झालं? विजेचीच गाडी आहे. आणि वीज आपल्या ओळखीची आहे."

त्या एका वाक्यावर ती माझ्या सीटवर बसली. एप्रिलभर पहाटे पहाटे आम्ही दोघी खाडीकडच्या रस्त्यावर शिकलो. ती माझ्या टीं टींला दचकायची आणि मी तिच्या ब्रेकला. महिन्याभरात आमचं जमून गेलं.

मे महिन्यात सगळे मला घेऊन गावी गेले, चिपळूणच्या पुढे. येताना ग्रामदेवी वाघजाईची छोटी तसबीर आणली. ती माझ्या काचेखाली बसवली आणि तिच्यापुढे लावला गव्हाच्या दाण्याएवढा तांबडा दिवा. आईंचं म्हणणं होतं, की गावात देवीपुढचा दिवा कधी विझत नाही, इथेही विझायला नको. गाडी बंद केली की आतली वीज बंद होते, मग दिवाही जाणार. बाबा म्हणाले, "डायरेक्ट बॅटरीवरून घेतो. त्यात काय आहे?"

आता इथे माझ्या शरीराबद्दल थोडं सांगावं लागेल. मला धावायचं बळ देते ती पोटाखालची मोठी बॅटरी. पण मला जागं ठेवते ती बॉनेटखालची छोटी बॅटरी. माझे दिवे, समोरचा आकडे दाखवणारा पडदा, डोळे, अक्कल, सगळं या धाकटीच्या जिवावर चालतं. तिचा संबंध क्षणभर जरी तुटला, तरी थोरली घाबरून स्वतःला मिटून घेते. मग पोटात कितीही वीज असो, मी म्हणजे रस्त्यावरची पेटी.

बाबांनी त्या धाकटीच्या टोकावरचा नट सोडवला, दिव्याच्या वायरची कडी त्यात घातली आणि नट पुन्हा आवळला. सूरज म्हणाला, "द्या ना, मी करतो." त्यावर बाबांनी आपला नेहमीचा नियम सांगितला. "दुसऱ्याच्या जोडावर भरवसा ठेवून खांबावर चढायचं नाही. माझा जोड मीच करणार."

त्यांची बोटं मला लागली तेव्हाच कळलं होतं. अंगठा थरथरत होता. दहा नंबरचा पाना नटावरून दोनदा घसरला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, हात पँटला पुसला, पुन्हा फिरवला आणि थांबले. नट गच्च बसायला अर्धा आटा, म्हणजे अर्धा वेढा, राहिला. मला सांगायला तोंड असतं तर.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, कापूरबावडीच्या पुढे, एका खड्ड्यावरून गेले आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधार झाला. पडदा गेला, दिवे गेले, स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. संचिताने कशीबशी मला कडेला नेलं. मागे हॉर्नचा पाऊस. एक रिक्षावाला डोकं बाहेर काढून म्हणाला, "मॅडम, रात्री चार्जिंगला लावायला विसरलात का?"

"ऐंशी टक्के आहे हो," ती रडवेल्या आवाजात म्हणाली.

ती खाली उतरली, दार आपटलं, त्या हिसक्याने माझा जोड टेकला आणि मी जागी झाले. जणू काही झालंच नव्हतं.

घरी आल्यावर पार्किंगमध्येच पंचायत बसली.

"पेडल एकदम दाबत असशील," बाबा म्हणाले. "विजेला हिसका चालत नाही. हळू धरायचं, हळू सोडायचं."

"दचकते ना ती," आई म्हणाल्या. "दचकून काहीतरी दाबलं जात असेल."

"आणि मग मॅडम दार आपटतात, गाडी घाबरून चालू होते," सूरज म्हणाला.

 त्या दिवसापासून निघण्याआधी संचिता माझ्या बॉनेटवर तळवा ठेवायची आणि हळूच म्हणायची, "आज नको हं." तिचा तळवा माझ्या दुखण्यापासून एक वीतभर अंतरावर असायचा.

मी आणखी दोनदा विझले. मग मला सर्व्हिस सेंटरला न्यायचं ठरलं. आदल्या संध्याकाळी सूरज पाना घेऊन आला. बाहेरचं वायरिंग दिसलं तर वॉरंटी जाईल, म्हणून त्याने नटाला थेट पाना लावून वायर काढली, तो आधीच ढिला आहे हे त्याला जाणवलंच नाही; मग तसबीर कपड्यात गुंडाळली आणि नट आपल्या तरण्या हाताने गच्च आवळला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. पण नेमक्या त्या बऱ्या वाटण्याच्या दिवशी मी डॉक्टरपुढे गेले.

तिथला नायजेल हा मेकॅनिक मोठा मायाळू माणूस. लॅपटॉप जोडून त्याने मला तीन दिवस तपासलं, ठाणेभर फिरवलं. "कोणी वयस्कर काकी चालवतात का?" त्याने विचारलं.

"मीच चालवते," संचिता म्हणाली.

"मग पुढच्या वेळी झालं की व्हिडिओ काढा. गाडीत मला काहीच दिसत नाहीये."

गाडीत काही नाही. म्हणजे कुणात आहे, ते संचिताने मनाशी ठरवून टाकलं.

घरी आले. बाबांनी वायर परत लावली, स्वतःच्या हाताने. अर्धा आटा. ऑगस्टमध्ये पुन्हा हाच फेरा: मी विझले, सूरजने वायर सोडवून नट घट्ट केला, नायजेलला काही सापडलं नाही, बाबांनी परत जोडलं. माझ्या आजाराला औषध मिळत होतं, पण फक्त डॉक्टरकडे जायच्या दिवशी.

मग तो दिवस आला. दुपारची वेळ, माणकोलीचा पूल, संचिताच्या शेजारी आई. खाली खाडी. पुलाच्या सांध्यावरून उडाले आणि विझले. यावेळी मागे ट्रक होता. त्याचा ब्रेक मी आयुष्यात विसरणार नाही. तो थांबला तेव्हा त्याच्या पुढच्या पत्र्याची ऊब माझ्या डिकीला लागत होती. ट्रकवाला खाली उतरला, शिवी द्यायला तोंड उघडलं, संचिताचा चेहरा पाहिला आणि म्हणाला, "पाणी पी बेटा, पहिले पाणी पी."

त्या संध्याकाळी तिने किल्ली बाबांच्या हातावर ठेवली. "माझ्या हातातच काहीतरी आहे बाबा. आईला काही झालं असतं तर? मी नाही चालवणार आता. शाळेतही सांगते, इथेच जवळपास कुठे नोकरी बघते."

बाबांनी किल्ली खिशात टाकली. ते तिला "नको सोडूस" म्हणाले नाहीत. मी अकरा दिवस उभी होते. कबुतरांनी माझ्या टपावर आपला संसार मांडला. अकराव्या दिवशी सूरज कुणालातरी फोनवर सांगत होता, "नवीनच आहे रे, सहा महिने पण नाही झाले. हो, बहिणीने सोडलं चालवायचं." मी विकली जाणार, हे मला कळलं. पण खरं सांगते, मला माझ्यासाठी भीती वाटली नाही, तिच्यासाठी वाटली. ती मुलगी आयुष्यभर असं समजणार होती, की तिचा हात लागला की वीज विझते.

विकण्याआधी एकदा शेवटचं नायजेलला दाखवायचं ठरलं. सूरज ऑफिसच्या कामाने पुण्याला गेला होता. म्हणून रविवारी सकाळी वायर काढायला पहिल्यांदाच बाबा स्वतः आले.

त्यांनी बॉनेट उघडलं. पाना लावायला गेले, तर त्याआधी बोटाचा धक्का लागला आणि नट गर्रकन फिरला.

 बाबांनी तो बोटाने पुन्हा फिरवला, एकदा इकडे, एकदा तिकडे. आवळायला गेले. अंगठा थरथरला, पाना निसटून माझ्या पोटात खणकन पडला. ते दोन्ही हात माझ्या कडेवर टेकून वाकले. मला वाटलं, पाना शोधताहेत.

मागच्या सीटवर पोरांच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा राहिला होता, तो न्यायला संचिता खाली आली.

"बाबा? काय झालं? शॉक लागला का?"

"हे बघ," त्यांनी नट हलवून दाखवला. "इथून जात होती तुझी गाडी. तुझं पेडल नाही, काही नाही."

तिने बोटाने नट फिरवून पाहिला. "दादाने ढिला ठेवला?"

एवढं सोपं होतं. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. सूरज पुण्याला होता.

"दादा सोडवतो," बाबा म्हणाले. "लावतो मी." आणि त्यांनी उजवा हात तिच्यापुढे धरला. तो हलत होता. "गेल्या दिवाळीपासून आहे. चहाचा कप मी टेबलावर ठेवूनच पितो, तू बघितलं नाहीस?"

"बघितलंय. मला वाटलं, चहा गरम असेल."

बाबा थोडे हसले. मग म्हणाले, "खांबावर असा जोड ठेवला असता तर माणूस गेला असता. तिथे नाही ठेवला कधी. आणि घरच्या पोरीला रोज त्या पुलावर पाठवलं."

संचिताने आजूबाजूला पाहिलं. कट्ट्यावर अजून कुणी नव्हतं. "वायर काढून टाकू. संपला विषय. दादाला, आईला, कुणालाच सांगायचं नाही."

"आणि तू? तुझं नाव आख्ख्या सोसायटीत खराब झालंय." त्यांनी मान हलवली. "वायर काढायची नाही. अशीच न्यायची, त्या पोराला दाखवायची. तो बिचारा तीन महिने भूत शोधतोय. फक्त तिथवर जायला नट आवळावा लागेल. तू आवळ. मी सांगतो."

तिने माझ्या पोटात हात घालून पाना काढला. "उजवीकडे. अजून. थांबू नकोस, घाबरू नकोस, ती काही करत नाही. अजून अर्धा. बस." माझ्या आयुष्यातला सर्वांत घट्ट जोड तिच्या हाताने झाला.

नायजेलसमोर बाबा खुर्चीवर बसले नाहीत. उभ्यानेच सांगितलं, "चूक गाडीची नाही आणि मुलीची तर नाहीच. जोड माझा. आणि वायर तुमच्यापासून लपवली, तीही आम्हीच."

नायजेलने बॉनेटखाली पाहिलं, मग बाबांच्या हाताकडे पाहिलं. "काका, मला कागदावर लिहावं लागेल, बाहेरचं वायरिंग म्हणून. त्या बॅटरीची वॉरंटी जाईल."

"लिहा," बाबा म्हणाले. "माझ्या नावाने लिहा."

परत येताना माणकोलीच्या पुलावर एक टेम्पो एकदम आत घुसला. संचिता दचकली, ब्रेक दाबला, मी टीं टीं केलं. शेजारी बसलेल्या बाबांच्या ओठांवर "हळू" आलं होतं, ते त्यांनी गिळलं. पूल संपला तेव्हा म्हणाले, "या हातासाठी डॉक्टरकडे जायला हवं. ठाण्यात एक चांगले आहेत म्हणतात. नेशील?"

"उद्याच नेते. शाळा सुटली की येते घ्यायला."

"एवढ्या लांब परत येशील?"

"गाडी आहे ना बाबा."

तो "उद्या" आज आहे. मी शाळेमागच्या गल्लीत उभी आहे आणि तेवढ्या वेळात हे सगळं तुम्हाला सांगून घेतलं. देवीपुढचा दिवा आता नाही. आईंनी देवीला हात जोडून सांगितलं, की रोज पोरगी तुझ्यापुढे बसते, तिच्यावर लक्ष ठेव. तुम्हाला एकच विनंती करते. तुमच्या घरात काही मध्येच विझत असेल, गाडी असो की माणूस, तर बरं करणाऱ्याकडे नेताना ते आवरून-सावरून नेऊ नका. जसं आहे तसं न्या.

घंटा झाली. ती फाटकातून बाहेर येतेय, हातात किल्ली आहे. मला निघायला हवं. कोपरला गेटपाशी एक माणूस वेळेच्या आधीच येऊन उभा राहिला असणार.