कोऱ्या कागदावरचे अंगठे

मी एक जुनी पत्र्याची शाईची डबी आहे. मित्रांनो, माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला हे मला स्मरत नाही. माझ्या पोटात कापडाची गादी असून तीवर अंगठा दाबला म्हणजे त्याचा ठसा कागदावर उमटतो. वाशीमच्या कचेरीसमोर निंबाखाली बसून अर्ज लिहिणारे मारोतराव यांच्या पेटीत माझी हयात गेली. "हिचे ठसे फार स्वच्छ," अशी माझी स्तुती होई व मी मनात फुगत असे.

मारोतरावांची एक रीत होती. दूरगावचा मनुष्य आला म्हणजे ते एक अंगठा अर्जावर व एक कोऱ्या कागदावर घेत. अर्ज बिघडल्यास त्या मनुष्यास शेलूबाजारसारख्या लांबच्या गावाहून पुनश्च पायपीट नको, हा त्यात सद्हेतु होता. लोक विश्वासाने अंगठा देत.

सन १९३६ साली ऑनररी मॅजिस्ट्रेटची जागा रिकामी झाली. लहान फिर्यादींचा न्याय करण्याचे ते बिनपगारी, परंतु मोठ्या मानाचे पद होय. गावातील एका पक्षाचे पुढारी जगदेवराव यांनी कापडाचे व्यापारी तय्यबभाई यांचे नाव सुचविले. रामरावही त्याच पक्षाचे पुढारी, परंतु त्यांना ती खुर्ची आपल्या मेहुण्यास हवी होती. आमच्या निंबाखालीच दोघांची जुंपली.

"जगदेवराव, तुमी आमच्याच पक्षाचे ना? मंग आमच्या मानसाले काहून आडवे येता?"

"पक्षाचा मानूस का घरचा जावई? त्याले सोताच्या बायकोचं भांडन मिटवता येत नाई, अन् गावाचं मिटवीन म्हनते!"

सर्व लोक हसले. रामराव हसले नाहीत. जगदेवराव गेल्यावर ते मारोतरावांस हळूच म्हणाले, "पेटीत कोरे आंगठे हायेत ना? निंबाखालची जागा ठेवाची असन तर लिहा."

मारोतरावांनी पेटीतून अंगठा घेतलेला एक कोरा कागद काढला व लिहिले. तय्यबभाई पैसे खाऊन तंटे मिटवितात, अशी ती तक्रार होती. त्या कागदावरचा अंगठा तुळसाबाईचा होता. ती बिचारी शेताच्या वाटेचा अर्ज द्यावयास आली होती. आणि तिचा भावकीतील तंटा तय्यबभाईंनीच एक पैसा न घेता मिटविला होता.

कचेरीतील साहेबांनी चौकशी मांडली. ठसा पडताळण्याकरिता मलाच टेबलावर ठेविले. तुळसाबाईने अंगठा दाबला. दोन्ही ठसे तंतोतंत जुळले. मग तक्रार वाचून दाखविली.

"आंगठा माहाच हाये, साहेब," ती म्हणाली. "पन हे बोलनं माहं नाई."

साहेबांनी ठसा पाहिला. तिच्याकडे पाहिले नाही. खुर्ची रामरावांच्या मेहुण्यास मिळाली. आयुष्यात प्रथमच मला माझ्या स्वच्छतेची लाज वाटली.

मला पुन्हा निंबाखाली आणले, तेव्हा तेथे तय्यबभाईंपुढे ती रडत होती. "तय्यबभाई, हा आंगठा छाटून टाकू काय?"

"पगली, मंग कापूस कायनं वेचशीन? माहं नाव गेलं, तुहा हात तरी राहू दे."

त्यानंतर तय्यबभाई कोणाचाही तंटा मिटविण्यास गेले नाहीत.

आता मारोतराव नाहीत. माझी गादी वाळून दगड झाली आहे. मित्रांनो, कोऱ्या कागदावर कोणाचा अंगठा घेऊ नका व देऊ नका. आणि कधी ही पेटी तुमच्या हाती आली, तर मला घासूनपुसून ठेवण्याची घाई करू नका. माझ्या खाली अजून अकरा कोरे कागद आहेत, प्रत्येकावर एकेक अंगठा आहे. आधी ते फाडा.