फिंटनच्या बंदुकीची हमी

शुक्रवारी दुपारी गार्डाचा, म्हणजे इथल्या पोलिसाचा, फोन आला आणि विभावरीने तो नुसता वाजू दिला. मागाहून निरोप ऐकला. आवाज अगदी नम्र होता. फिंटन गेरॅटींच्या बंदुकीचा परवाना पुन्हा काढायचाय, हमी देणाऱ्यांत तुमचं नाव आहे, त्यांच्या मनःस्थितीबद्दल काही काळजीचं असेल तर सांगा, सोमवारी सवडीने फोन केलात तरी चालेल. एवढंच. पण तिने परत फोन केला नाही.

चूक तिचीच होती. आयर्लंडात मलिंगारच्या बाहेर त्यांचं घर आणि कुंपणापलीकडे फिंटनची मेंढरं. सत्तरी ओलांडलेला, लालबुंद गालांचा माणूस. त्याची बायको ब्रीडा फेब्रुवारीत गेली. वसंतात तो कुंपणाशी येऊन म्हणाला, "पोरी, कावळे कोकरांचे डोळे फोडतात, बंदूक लागते. परवान्यासाठी तुझं नाव देऊ?" शेजाऱ्याला तोंडावर नाही म्हणणं तिला जन्मात जमलं नव्हतं. "द्या की!" म्हणून मोकळी झाली.

आणि मागच्या आठवड्यात शिऱ्याचा डबा घेऊन ती त्याच्या शेडपाशी गेली, तर तो खोक्यावर बसलेला, मांडीवर बंदूक. साफ करत नव्हता, काहीच करत नव्हता. त्याचा कुत्रा कुठे दिसेना. स्लायगोच्या पुतण्याला देऊन टाकला म्हणाला. "मी ग्रँड आहे गं, अगदी मजेत," असं म्हणत उठला, आणि ब्रीडाचे निळ्या फुलांचे कप कागदात गुंडाळून तिच्या हातात दिले. "मला आता कशाला?" विभावरीने थँक्यू म्हटलं, घरी आली आणि नवऱ्याला, शिरीषला, फक्त कप दाखवले. बंदुकीचं बोललीच नाही. बोललं की ते खरं होईल, असं वाटलं.

रविवारी नास गावच्या हॉलमध्ये पुरुषोत्तमबुवांचं कीर्तन होतं. एरवी पेटीचा पहिला सूर लागला की विभावरीच्या डोळ्यांना पाणी यायचं. त्या दिवशी पूर्वरंग संपला तरी तिच्या कानात गार्डाचाच आवाज होता.

मध्यंतरात चहाशी परवाच्या बातमीचा विषय निघाला. दूर देशी कुणीतरी बाजारात शिरून माणसं टिपली होती.

"वेडा होता, दुसरं काय!" मंडळाचा नरेश बिस्किट बुडवत म्हणाला. "डिप्रेशनच्या गोळ्या चालू होत्या म्हणे. अशांना मोकळं सोडतातच कसे?"

"मग माझं अर्धं ऑफिस कोंडावं लागेल रे बाबा," अलकनंदाताई म्हणाल्या. "मनाची दुखणी सगळ्या देशांत सारखीच. बंदूक बटाट्यासारखी मिळते तिथेच हे असं होतं."

"बंदूक काय आपोआप उडते, ताई?"

"नाही. पण नसली तर उडतच नाही, एवढं मला कळतं."

"तरी मी म्हणतो, यादी पाहिजे सरकारकडे अशा लोकांची."

"तुझं नाव वरती घालू, चहा तिसरा झाला तुझा!"

सगळे हसले. शिरीषही हसला, पण त्याने भरलेला कप तसाच खाली ठेवला ते एकट्या विभावरीनेच पाहिलं. दोन वर्षं तो तसल्याच गोळ्या घेत होता. पुण्यात त्याच्या आईलाही ठाऊक नव्हतं. बाटलीवर व्हिटॅमिनची चिठ्ठी डकवलेली होती.

उत्तररंगात बुवांनी गजेंद्राचं आख्यान लावलं. मगरीने पाय धरलेला, हत्ती खोल ओढला जातोय. बुवा गाता गाता थांबले, टाळ छातीशी धरून हळूच म्हणाले, "आणि त्याचा कळप हो? काठावर उभा होता. बघत होता. मग भूक लागली, तशी एकेक करून मंडळी चारायला गेली." विभावरीला पुढचं ऐकवेना.

गाडीत बसल्याबरोबर तिने शिरीषला सगळं सांगितलं. शेड, मांडीवरची बंदूक, दिलेला कुत्रा.

"मग गार्डाला काय सांगणार आहेस?"

"तेच कळत नाही रे. खरं सांगितलं तर गाव त्याला वेडा ठरवेल. आज त्याला, उद्या..."

"मला," शिरीष म्हणाला. "विभा, त्या हिवाळ्यात आपल्या घरी बंदूक असती, तर आज ही गाडी तू एकटी चालवत असतीस."

इतकं उघड तो कधीच बोलला नव्हता.

"फिंटन दुसऱ्या कुणाच्या केसालाही धक्का लावणार नाही," तो म्हणाला. "तीच तर भीती आहे."

"वेग वाढव," ती म्हणाली.

जूनची संध्याकाळ, ऊन अजून कुरणांवर लख्ख पडलेलं. फिंटनचं दार उघडंच होतं. आत रेडिओ चालू, स्वयंपाकघर नको इतकं आवरलेलं. जिन्याखालच्या कपाटातली बंदुकीची लोखंडी पेटी सताड उघडी आणि रिकामी. विभावरीने हाक मारली. उत्तर नाही. कीर्तनाची रेशमी साडी वर खोचून ती शेडकडे धावली. देवाचं नाव घ्यावं म्हटलं तर ओठांत येईना.

तो आत होता. जिवंत. दाढी गुळगुळीत केलेली, अंगात चर्चला जायचा कोट. बाकावर बंदूक, शेजारी काडतुसांचा डबा.

"परवान्यासाठी आलात?" त्याने मान न वळवता विचारलं.

"हो," विभावरी म्हणाली. "फिंटन, मी हमी नाही देऊ शकत. तुम्ही बरे नाही आहात. मी आत्ता, तुमच्यासमोर, त्यांना फोन करते."

"कर. उद्या अख्खी पॅरिश, सगळं गाव म्हणेल, फिंटनचं डोकं गेलं." त्याचा हात बाकावर सरकला. किंचितसाच.

शिरीष सावकाश पुढे झाला आणि त्या हाताच्या व बंदुकीच्या मध्ये बाकावर चक्क बसला.

"माझं गेलं होतं डोकं," तो म्हणाला. "दोन वर्षांपूर्वी. अजून गोळ्या घेतो. माझ्या आईला माहीत नाही, तुम्हाला सांगतोय."

विभावरीने फोन लावला. पत्ता सांगताना तिला घराचा नंबर आठवेना. मग तिघंही वाट बघत राहिले. बाहेर एक कोकरू आईला हाका मारत होतं. फिंटन शिरीषच्या पाठीआडच्या बंदुकीकडे बघायचा, मग शिरीषकडे, मग पुन्हा बंदुकीकडे.

गार्डा आली, तरुण मुलगी होती. काही प्रश्न विचारले, बंदूक नि काडतुसं उचलली, डॉक्टर तासाभरात येतील म्हणाली, आणि तोवर बाहेर गाडीत थांबली. फिंटन विभावरीकडे बघायला तयार नव्हता. बंदूक गेली, पण तिची भीती काही बंदुकीबरोबर गेली नाही. परवा काय, तेरवा काय, हा कोट पुन्हा अंगात चढला तर?

"तुम्ही जा आता घरी," फिंटन म्हणाला.

कुणी उठलं नाही.

फिंटनने जमिनीकडे बघतच शिरीषला विचारलं, "तुझ्या त्या वेळी... तुला कुणी काय सांगितलं?"

"सांगितलं काहीच नाही. ही नुसती बसून राहिली. मला रागच यायचा तिचा."

"येतोच," फिंटन म्हणाला. मग पायाने एक खोकं विभावरीकडे ढकललं. "उभी कशाला आहेस? बस."