चिडीचूप देशाची वही

मी वही बोलतेय. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. माझा जन्म गणितासाठी नव्हता, असं माझं स्पष्ट मत आहे. पण इथल्या, परदेशातल्या, मरीन परेड भागातल्या दुकानातून मेधाने मला आणलं ते लेकीच्या, इराच्या, ट्यूशनसाठीच. सात पानं अपूर्णांकांनी भरली आणि मला जीव नकोसा झाला.

मग सुट्टी लागली. बारा वर्षांच्या इराला आणि तिच्या नऊ वर्षांच्या भावाला, राजसला, कादंबरी लिहायची होती. "मराठीत लिहिणार असाल तर घ्या ही वही," मेधा म्हणाली. पोरांच्या मराठीसाठी ती काहीही कबूल करते.

कादंबरीतली भावंडं अनघा आणि अमेय 'चिडीचूप' देशात अडकली होती. तिथे प्रश्न विचारला की थेट तुरुंग! इरा लिहायची. राजस चित्रं काढायचा आणि माझ्यावर टोस्टचे कण सांडायचा. मगरी झाल्या, भुयार झालं. आठव्या प्रकरणात अमेयने वेशीवरच्या पहारेकऱ्याचा चष्मा पळवला, तेव्हा मला कोण आनंद झाला!

शेवटच्या प्रकरणात मात्र बिनसलं. वेशीतून येणाऱ्यांना मोकळीक, जाणाऱ्यांना बंदी. इराने लिहिलं, अनघा निसटते, अमेय मागे राहतो.

"कॅनॉट! तो लहान आहे!" राजस ओरडला.

"म्हणूनच सॅड वाटतं ना. बेटर एंडिंग, ला." इथल्या पोरांच्या इंग्रजीला असं 'ला'चं शेपूट असतंच.

राजसने मला हिसकावलं आणि स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यामागे कोंबलं. त्याला काय सलतंय ते मी ओळखून होते. जानेवारीत इरा सेकंडरी स्कूलला जाणार. नवी शाळा, नव्या मैत्रिणी. मागे हाच राहणार होता. नऊ दिवस मी मुंग्यांच्या संगतीत काढले. बाहेर दोघांचा अबोला होता. मला फार वाईट वाटत होतं.

दहाव्या दिवशी राजस पोहायला निघाला. "आई, मी जातो."

"जातो नाही रे, येतो म्हणावं," मेधा म्हणाली.

"बट आय ॲम गोइंग!"

"असू दे. निघतानाही येतोच म्हणतात."

राजस दारातच थबकला. मग बूट घालूनच स्वयंपाकघरात धावला, मला ओढून काढलं आणि उभ्याउभ्या लिहिलं:

'पाहरेकरी ओरडला, कोण? जाताय का येताय? अनघा म्हणाली, येते. अमेय म्हणाला, येतो. पाहरेकरी म्हणाला, या, या! चष्मा नाही म्हणून त्याला त्यांची पाठ दिसली नाही.'

इराने वाचलं आणि पोट धरधरून हसली. तिने आपला शेवट दोन रेघांनी खोडला. 'पाहरेकरी' मात्र तसाच ठेवला.

आता मी पूर्ण भरलेय आणि राजसच्या कपाटात असते. रोज सकाळी नव्या युनिफॉर्ममधली इरा दारातून सांगते, "राजस, येते रे!" तोही ऐटीत ओरडतो, "ये!" आणि दुपारी ती खरंच येते.

मित्रांनो, एकच विनंती. सात पानं गणित आहे म्हणून मला रद्दीत टाकू नका. त्यांच्यामागे दोन पोरं सुखरूप बाहेर पडली आहेत, एकही मागे न राहता. चला, माझी शेवटची ओळ आली. जाते.

चुकलं. येते.